न मिटणारा कंस: गेऑर्ग कँटर यांचे गणित आणि त्यांची ख्रिस्ती श्रद्धा

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या नववीच्या गणिताच्या पुस्तकात पहिलेच प्रकरण ‘संच’ हे आहे. सर्व नैसर्गिक संख्यांचा संच लिहायला सांगितला, की विद्यार्थी महिरपी कंस उघडतो, एक, दोन, तीन लिहितो, पुढे तीन टिंबे देतो आणि कंस मिटवून पुढच्या उदाहरणाकडे वळतो. हा मिटलेला कंस किती धाडसी आहे, हे त्याच्या लक्षात येण्याचे कारण नाही. जी मोजणी कधीच संपत नाही ती संपली असे मानून, तिच्यातल्या सगळ्या संख्या एकदम समोर उभ्या आहेत असे धरून, त्यांची एकच वस्तू करून तो मोकळा झालेला असतो. सुमारे दोन हजार वर्षे युरोपातल्या बहुतेक तत्त्वज्ञांनी आणि गणितज्ञांनी असा कंस मिटवण्यास नकार दिला होता. तो मिटवून दाखवणारे गणितज्ञ म्हणजे गेऑर्ग कँटर, आणि हे धाडस करताना त्यांना जो आधार वाटला त्यात त्यांच्या ख्रिस्ती श्रद्धेचा वाटा फार मोठा होता.

कँटर यांचा जन्म ३ मार्च १८४५ रोजी रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे झाला. वडील व्यापारी आणि लुथरन या प्रोटेस्टंट पंथाचे, तर आई रोमन कॅथलिक आणि संगीतकारांच्या घराण्यातली. मुलावर संस्कार वडिलांच्या पंथाचे झाले. १८५६ मध्ये हे कुटुंब जर्मनीत आले. १८६० मध्ये पेन्टेकॉस्टच्या सणाला गेऑर्ग यांचे दृढीकरण झाले, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी इतरांनी त्यांच्या वतीने दिलेली श्रद्धेची कबुली त्यांनी जाणत्या वयात स्वतः दिली. त्या निमित्ताने वडिलांनी त्यांना एक पत्र लिहिले. अंगी गुण असूनही अनेक माणसे पहिल्याच मोठ्या संकटात कोलमडतात, कारण त्यांच्या मनाच्या गाभ्यात धर्मभावना रुजलेली नसते, असा त्या पत्राचा आशय होता, आणि मुलगा विज्ञानाच्या क्षितिजावर तेजस्वी ताऱ्यासारखा चमकावा अशी आशाही त्यात होती. हे पत्र कँटर यांनी जन्मभर जपले. पुढे बर्लिन विद्यापीठातून १८६७ मध्ये डॉक्टरेट घेऊन ते १८६९ मध्ये हाले येथील विद्यापीठात शिकवू लागले आणि अखेरपर्यंत त्याच गावात राहिले.

आता मूळ अडचणीकडे वळू. ॲरिस्टॉटलने अनंताचे दोन प्रकार सांगितले होते. एक घडत राहणारे अनंत: कोणतीही संख्या घ्या, तिच्यात एक मिळवता येतो, पुन्हा एक मिळवता येतो, आणि हे कधी थांबत नाही. दुसरे पुरे झालेले अनंत: सगळ्या संख्या एकत्र, आत्ता, इथे, संपूर्ण. पहिला प्रकार ॲरिस्टॉटलला मान्य होता, दुसरा अजिबात नव्हता. मध्ययुगात संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या मुख्य ग्रंथात हाच धागा धरला आणि निर्मित वस्तूंचा पुरा झालेला अनंत समूह असू शकत नाही असे प्रतिपादन केले. त्यामागे धर्मशास्त्राची चिंताही होती. पुरे झालेले अनंत हे ईश्वराचे लक्षण. तेच लक्षण जगातल्या एखाद्या गोष्टीला लावले, तर एक तर ईश्वराला बरोबरीचा कोणी उभा राहतो, नाही तर जग आणि ईश्वर एकच ठरतात. जग हाच ईश्वर, या मताला ख्रिस्ती परंपरेने नेहमीच परके मानले, कारण तिच्या दृष्टीने निर्माता आणि निर्मिती यांच्यातले अंतर कधीही पुसले जात नाही. गणितज्ञांची भीती वेगळी होती, पण निष्कर्ष तोच. कार्ल फ्रीडरिख गाउस यांनी १८३१ मधील एका पत्रात पुऱ्या झालेल्या अनंताचा गणितात वापर करण्यास स्पष्ट हरकत घेतली होती.

कँटर यांनी या भिंतीला जे भगदाड पाडले ते एका अगदी घरगुती युक्तीने. गावजेवणाची पंगत बसली आहे असे समजा. माणसे किती आणि पत्रावळी किती, हे दोन्ही न मोजता सांगता येते का? येते. प्रत्येक माणसापुढे एकच पत्रावळ असेल, कोणी पत्रावळीवाचून राहिला नसेल आणि एकही पत्रावळ रिकाम्या जागी पडली नसेल, तर दोन्ही सारख्याच आहेत. याला एकास एक संगती म्हणतात, आणि तिचे बळ असे की मोजणी जिथे संपत नाही तिथेही ती चालते. सर्व नैसर्गिक संख्यांची पंगत बसवा आणि प्रत्येकीपुढे तिची दुप्पट ठेवा: एकपुढे दोन, दोनपुढे चार, तीनपुढे सहा. सम संख्या या नैसर्गिक संख्यांचा एक भागच, तरी एकही संख्या उपाशी राहत नाही आणि एकही सम संख्या शिल्लक उरत नाही. म्हणजे या दोन अनंतांचे आकारमान सारखे. अंश आणि छेद पूर्ण संख्या असलेले सगळे अपूर्णांक घेतले तरी उत्तर हेच येते.

मग सगळीच अनंते सारखी असतील, असे वाटू लागते. कँटर यांनी १८७४ मध्ये एका शोधनिबंधात दाखवले की तसे नाही. त्याच निष्कर्षाची १८९१ मध्ये त्यांनी दिलेली दुसरी सिद्धता इतकी सोपी आहे की ती इथे पूर्ण सांगता येते. शून्य आणि एक यांच्या दरम्यानच्या, न संपणाऱ्या दशांश रूपात लिहिता येणाऱ्या सगळ्या संख्या एका न संपणाऱ्या हजेरीपटात ओळीने लिहून झाल्या, असा कोणी दावा केला. आपण पहिल्या ओळीतला पहिला अंक पाहायचा, दुसऱ्या ओळीतला दुसरा, तिसऱ्या ओळीतला तिसरा, असे तिरके उतरत जायचे. पाहिलेला अंक पाच नसेल तर आपण पाच लिहायचे, पाच असेल तर सहा. अशी जी नवी दशांश संख्या तयार होते ती पहिल्या ओळीतल्या संख्येपेक्षा पहिल्या स्थानावर वेगळी आहे, दुसऱ्या ओळीतलीपेक्षा दुसऱ्या स्थानावर, शंभराव्या ओळीतलीपेक्षा शंभराव्या स्थानावर. म्हणजे ती हजेरीपटात कुठेच नाही. हजेरीपट कसाही बनवला तरी कोणीतरी गैरहजर राहतेच. वास्तव संख्यांचे, म्हणजे अशा दशांश रूपात लिहिता येणाऱ्या सर्व संख्यांचे, अनंत नैसर्गिक संख्यांच्या अनंतापेक्षा खरोखर मोठे आहे. पुढे कँटर यांनी दाखवले की या चढणीला शेवट नाही. प्रत्येक अनंताच्या वर त्याहून मोठे अनंत असते. या आकारमानांना त्यांनी हिब्रू वर्णमालेतले पहिले अक्षर ‘आलेफ’ हे चिन्ह दिले.

‘पूर्णस्य पूर्णमादाय पूर्णमेवावशिष्यते’ हा मंत्र ज्यांच्या कानांवरून गेला आहे, त्यांना इथे ‘हे तर आपल्याकडे आधीच सांगितले आहे’ असे म्हणण्याचा मोह होईल. तो आवरलेला बरा. सम संख्या काढून घेतल्या तरी विषम संख्या तितक्याच उरतात, इतके साम्य जरूर आहे. परंतु मंत्र ब्रह्माविषयी बोलतो, लहान आणि मोठ्या अनंतांची तुलना तो करत नाही, आणि कँटर यांच्या विचारात नेमका हाच भेद कळीचा आहे.

हे सारे समकालीनांच्या सहज पचनी पडले नाही. बर्लिनचे वजनदार गणितज्ञ लेओपोल्ड क्रोनेकर हे कँटर यांचे एके काळचे शिक्षक. पूर्णांक देवाने घडवले, बाकी सर्व माणसाची कृती आहे, असे त्यांचे एक वचन सांगितले जाते. मर्यादित टप्प्यांत प्रत्यक्ष रचता न येणाऱ्या कोणत्याही गोष्टीला गणितात स्थान देण्यास ते तयार नव्हते. गंमत अशी की देवाचे नाव दोघेही घेत होते, पण क्रोनेकर यांच्या वचनातला देव पूर्णांकांपाशी थांबतो, तर कँटर यांचा देव तिथून सुरुवात करतो. १८८४ मध्ये कँटर यांना मानसिक आजाराचा पहिला मोठा झटका आला. अनंताचा विचार करून त्यांना वेड लागले, ही लोकप्रिय कथा मात्र बाजूला ठेवावी. आजाराचे झटके पुढेही येत राहिले आणि त्यांना एवढे नाट्यमय कारण शोधण्याची गरज नाही. १८८५ मध्ये त्यांचे स्नेही आणि गणिताच्या एका नियतकालिकाचे संपादक योस्टा मिटाग-लेफ्लर यांनी एक निबंध छपाईतून मागे घेण्याचा सल्ला दिला, तेव्हा कँटर फार दुखावले. गणितज्ञांकडून अपेक्षा कमी होत गेली तशी त्यांची पत्रे धर्मपंडितांकडे जाऊ लागली.

त्या काळी कॅथलिक विद्वानांमध्ये अशा पत्रांना वाचक मिळण्याचे एक कारण होते. पोप तेरावे लिओ यांनी १८७९ मध्ये परिपत्रक काढून संत थॉमस अक्वायनस यांच्या तत्त्वज्ञानाचा अभ्यास पुन्हा जोमाने करण्याचे आवाहन केले होते, आणि तो करताना नव्या विज्ञानाशी मेळ घालण्याची गरज अनेक धर्मगुरूंना जाणवत होती. कॉन्स्टांटिन गुटबेर्लेट या जर्मन धर्मगुरूंनी कँटर यांची बाजू उचलून धरली. त्यांचा युक्तिवाद सरळ होता. न संपणाऱ्या दशांश अपूर्णांकाचे सर्व अंक माणसाला कधीच एकदम दिसत नाहीत, पण ईश्वराला एकेक अंक क्रमाने मोजत बसावे लागत नाही; त्याच्या ज्ञानात ते सर्व एकाच वेळी हजर असले पाहिजेत. म्हणजे आपल्याला जे घडत राहणारे अनंत वाटते ते ईश्वराच्या ज्ञानात पुरे झालेले अनंतच आहे.

हा विचार ख्रिस्ती परंपरेत नवा नव्हता, आणि कँटर यांना ते ठाऊक होते. पाचव्या शतकात संत ऑगस्टीन यांनी ‘ईश्वराचे नगर’ या ग्रंथाच्या बाराव्या भागात नेमका हाच प्रश्न घेतला होता. संख्या अनंत आहेत म्हणून ईश्वरालाही त्या सगळ्या ठाऊक नाहीत, असे म्हणण्याचे धाडस कोण करील, असे विचारून त्यांनी उत्तर दिले होते की ज्याच्या बुद्धीला गणना नाही त्याला अनंत संख्याही आकळतात. हा उतारा कँटर यांनी आपल्या लेखनात आवर्जून दिला आहे. मिटलेल्या कंसाला त्यांनी शोधलेला हा सर्वांत भक्कम साक्षीदार म्हणता येईल: आपण कंसात जे लिहून संपवू शकत नाही ते ईश्वराच्या ज्ञानात संपलेले आहे, म्हणून कंस मिटवणे ही लबाडी नव्हे.

परंतु सर्वांत बारकाईची चर्चा झाली ती कार्डिनल, म्हणजे पोपच्या खालोखालच्या दर्जाचे कॅथलिक धर्माधिकारी, योहान बाप्टिस्ट फ्रान्त्सेलिन यांच्याशी, १८८६ मध्ये. फ्रान्त्सेलिन हे येशूसंघी, म्हणजे जेझुइट या कॅथलिक संघाचे, आणि नामांकित धर्मशास्त्रज्ञ. जगात पुरे झालेले अनंत मानणे म्हणजे जगालाच ईश्वर मानण्याकडे घसरणे होईल, अशी शंका त्यांनी घेतली. कँटर यांनी उत्तरात एक भेद मांडला, आणि हा भेद समजला की त्यांची सारी भूमिका समजते. अनंत दोन प्रकारचे आहे. एक शाश्वत आणि अनिर्मित, ज्याला ते ‘ॲब्सोल्यूट’ म्हणजे निरपेक्ष म्हणतात. ते केवळ ईश्वराचे, त्यात वाढ होऊ शकत नाही आणि त्याचे गणित मांडता येत नाही. दुसरे निर्मित अनंत, ज्याला त्यांनी ‘ट्रान्सफायनाइट’ म्हणजे सांताच्या पलीकडचे असे नाव दिले. ते मर्यादित वस्तूंपेक्षा मोठे असले तरी वाढवता येते, त्याच्याहून मोठे काही असतेच, आणि म्हणून ते ईश्वराच्या जवळपासही पोहोचत नाही. निर्मित जगात किंवा माणसाच्या मनात आढळते ते दुसऱ्या प्रकारचे. आलेफांची चढण कितीही वर नेली तरी ती निर्मितीच्या आवारातच राहते. थोडक्यात, अनंत हा शब्द एकच असल्यामुळे जी भीती वाटत होती ती शब्दाचे दोन अर्थ वेगळे करताच निघून जाते.

हा भेद फ्रान्त्सेलिन यांनी मान्य केला आणि या अर्थाने घेतल्यास ट्रान्सफायनाइटच्या कल्पनेत धर्माला धोका दिसत नाही, असे कळवले. पण त्यांनी एक गोष्ट सोडली नाही. कँटर यांनी असेही लिहिले होते की ईश्वराच्या परिपूर्णतेवरून त्याला निर्मित अनंत घडवता येते हे कळते, आणि त्याच्या चांगुलपणावरून व महिम्यावरून त्याने ते घडवलेच असले पाहिजे हे कळते. यातल्या ‘घडवलेच असले पाहिजे’वर कार्डिनलांचे बोट पडले. ईश्वराला अमुक निर्माण करणे भागच होते असे म्हटले की त्याचे स्वातंत्र्य गेले. आणि ख्रिस्ती श्रद्धेनुसार सृष्टी ही ईश्वराने मोकळ्या इच्छेने दिलेली देणगी आहे, त्याच्यावरची सक्ती नव्हे. कँटर यांनी लगेच खुलासा केला की ही अपरिहार्यता आपल्या अनुमानातली आहे, ईश्वरावर लादलेली नाही. गणिताच्या इतिहासात असा प्रसंग विरळाच, की एका नव्या संख्याप्रणालीचा जनक निर्मात्याच्या स्वातंत्र्याबद्दलचे आपले एक वाक्य कार्डिनलांच्या हरकतीमुळे दुरुस्त करतो. मला या पत्रव्यवहारात सर्वांत भावते ते हे, की दोन्ही बाजूंनी वाद शब्दांच्या नेमकेपणाचा झाला, अधिकाराचा नाही.

कँटर यांची श्रद्धा साचेबंद होती असे मात्र समजू नये. त्यांनी कॅथलिक पंथ कधी स्वीकारला नाही. तरी १८९४ मध्ये फ्रेंच गणितज्ञ शार्ल एर्मीट यांना लिहिताना, बर्लिन किंवा ग्योटिंगेन येथे प्राध्यापकपद मिळण्याची आपली इच्छा ईश्वराने पुरी केली नाही याबद्दल त्यांनी त्याचे आभार मानले. त्यामुळेच आपण धर्मशास्त्रात खोल उतरलो आणि त्याची व रोमन कॅथलिक चर्चची अधिक चांगली सेवा करू शकलो, असे ते म्हणाले. आणि याच माणसाने १९०५ मध्ये एक पुस्तिका छापून येशू हा अरिमथाईकर योसेफाचा (बायबलनुसार येशूला कबरीत ठेवणाऱ्याचा) नैसर्गिक पुत्र होता असे मत मांडले, जे कुमारी मरियेच्या पोटी झालेल्या जन्मावर विश्वास ठेवणाऱ्या कॅथलिकांना आणि लुथरनांना सारखेच धक्कादायक होते. मधल्या काळात, १८९९ च्या डिसेंबरात, त्यांचा धाकटा मुलगा रूडोल्फ बारा वर्षांचा असताना अचानक वारला होता. हालेच्या रुग्णालयातल्या फेऱ्या वाढत गेल्या आणि ६ जानेवारी १९१८ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले.

श्रद्धेने त्यांच्या गणिताला काय दिले, हा प्रश्न उरतो. सिद्धता तिने दिली नाही. हजेरीपटाचा तो युक्तिवाद देव न मानणाऱ्यालाही तितकाच बांधतो, त्यात ईश्वराचे नाव कुठेही येत नाही. नैसर्गिक संख्यांचे अनंत आणि वास्तव संख्यांचे अनंत यांच्यामध्ये आणखी एखादे अनंत बसते का, हा प्रश्न कँटर यांना आयुष्यभर छळत राहिला आणि तिथे श्रद्धा कामी आली नाही. कुर्ट ग्योडेल आणि १९६३ मध्ये पॉल कोहेन यांच्या कामातून पुढे कळले की संचसिद्धांताच्या प्रचलित गृहीतकांवरून त्याचे उत्तर होकारार्थी किंवा नकारार्थी सिद्धच करता येत नाही. पण एका ठिकाणी श्रद्धेने त्यांना इतरांच्या आधी एक गोष्ट दाखवली, आणि ती मुळीच लहान नव्हती.

कँटर यांनी १८८३ मधील एका ग्रंथात क्रमाच्या, म्हणजे पहिला, दुसरा, तिसरा अशी जागा सांगणाऱ्या, संख्यांसाठी दोन नियम सांगितले होते. पहिला, कोणत्याही संख्येनंतर पुढची संख्या असते. दुसरा, न संपणारी मालिका असेल तर त्या सगळ्या मालिकेनंतर येणारी एक नवी संख्या घेता येते. एक, दोन, तीन अशा सर्व संख्यांनंतर येणाऱ्या पहिल्या संख्येला त्यांनी ‘ओमेगा’ म्हटले. त्यानंतर ओमेगा अधिक एक, आणि असेच पुढे. आता या दोन नियमांनी मिळणाऱ्या सर्व संख्या एका कंसात घाला आणि कंस मिटवा. दुसरा नियम लगेच सांगतो की या सगळ्यांनंतर येणारी एक नवी संख्या आहे. ती कंसात असली पाहिजे, कारण सर्व संख्या कंसात आहेत. आणि ती कंसाबाहेर असली पाहिजे, कारण ती त्या सर्वांच्या नंतरची आहे. १८९७ मध्ये इटलीच्या चेझारे बुराली-फोर्ती यांनी हा विरोध छापून प्रसिद्ध केला, आणि पुढच्या काही वर्षांत अशा विरोधांनी अनेक गणितज्ञांच्या पायाखालची जमीन हलली.

कँटर हादरले नाहीत. १८८३ च्या त्याच ग्रंथातल्या एका टिपेत त्यांनी लिहून ठेवले होते की संख्यांची ही संपूर्ण मालिका आपल्याला निरपेक्ष अनंताचे योग्य प्रतीक वाटते, आणि ते निरपेक्ष केवळ मान्य करता येते, जाणता येत नाही, अंदाजानेही नाही. जे ईश्वराचे आहे ते गणिताच्या कंसात बसणार नाही, ही त्यांची आधीपासूनची धारणा. त्यामुळे तिथे विरोध उत्पन्न झाला हे त्यांना आपल्या सिद्धांताचे अपयश वाटले नाही, उलट ती सीमा जिथे असायला हवी तिथेच सापडली असे वाटले. १८९९ मध्ये रिचर्ड डेडेकिंड यांना लिहिलेल्या पत्रांत त्यांनी समूहांचे दोन प्रकार केले: ज्यांतले सर्व घटक एकत्र आहेत असे मानल्याने विरोध येत नाही ते संच, आणि ज्यांच्याबाबत तसे मानताच विरोध येतो ते निरपेक्ष अनंत समूह, ज्यांना संच म्हणता येत नाही.

एर्न्स्ट त्सेर्मेलो यांनी १९०८ मध्ये संचसिद्धांताची गृहीतके मांडली, ती कोणत्या समूहांना संच म्हणावे यावर बंधन घालूनच. १९२५ मध्ये जॉन फॉन नॉयमन यांनी फार मोठ्या समूहांना वेगळे स्थान देणारी मांडणी केली, आणि आज विद्यापीठाच्या पुस्तकांत सर्व संचांचा मिळून होणारा समूह हा संच नसून ‘क्लास’ आहे असे शिकवले जाते. त्या पानांवर ईश्वराचा उल्लेख नसतो, आणि नसावा हे योग्यच आहे. पण नववीचा विद्यार्थी जो कंस बिनदिक्कत मिटवतो आणि एम.एस्सी.चा विद्यार्थी जो कंस मिटवू नये असे शिकतो, त्या दोहोंमधली सीमा हालेच्या त्या लुथरन प्राध्यापकाने प्रथम आखली तेव्हा तिच्या एका बाजूला त्यांनी ‘निर्मित’ असे लिहिले होते आणि दुसऱ्या बाजूला ‘अनिर्मित’.